तिसऱ्या पाळीची बैठक

प्रिय धुरपदामावशी,

काल गुरुवारी आपली तिसरी पाळी पुन्हा सुरू झाली. दुपारी एक वाजता जिन्याखाली सगळे जमलो. नसीमभाईंनी तुमचं पटकूर अंथरलं, कोमलनं चपला एका बाजूला लावल्या, आणि मग आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. पहिलं कुणी बसायचं, हेच कुणाला कळेना! तुम्हाला जाऊन महिना होत आला. तुमच्याशिवायची ही पहिली बैठक.

त्या बैठकीत मी एक गोष्ट कबूल केली. ती तुमच्यासमोर करायची होती, तुम्ही असताना करायची होती. तेव्हा धीर झाला नाही. आज सकाळपासून वही घेऊन गॅलरीत बसलोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही लिहितोय. दुसरं काय करू, सांगा?

आपली पहिली भेट आठवते का तुम्हाला? तुम्ही नव्या होतात. आमच्या सुषमाला मात्र डायलिसिसच्या मशीनवर यायला लागून सहा महिने झाले होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी अडीच ते साडेसहा. तिसऱ्या पाळीत चारच पेशंट. माझी बायको सुषमा, फर्दापूरच्या नसीमभाईंची बायको शबाना, शहागंजच्या कोमलचा नवरा विजय, आणि पाचोडहून एसटीनं येणाऱ्या तुम्ही. दुसरी पाळी उतरेपर्यंत वरच्या पॅसेजमधल्या लोखंडी खुर्च्यांवर बसायचं. त्या खुर्च्या एका रांगेत, सगळ्यांची तोंडं भिंतीकडं. सहा महिने मी नसीमभाईंच्या शेजारी बसत होतो आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं!

मला त्याचं वाईट वाटायचं, हे खरं. मी वाळूजच्या कंपनीत ट्रेनिंगचं काम करतो. माणसांना गोल बसवायचं, बोलतं करायचं, त्यांच्याकडून काम ठरवून घ्यायचं, हीच माझी नोकरी. मग इथं का नको? मी मोबाइलवर ग्रुप काढला. प्रश्नांचा छापील कागद आणला, पॅडला लावला आणि प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. ‘आपल्याला कोणत्या अडचणी जाणवतात?’ कोमल म्हणाली, सगळं ठीक आहे. नसीमभाई म्हणाले, “अल्ला का करम है.” तुमच्यापाशी आलो तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसत होतात.

“काय झालं मावशी?”

“काय नाय. तुमी इचारता, आन उत्तर बी तुमीच देता. मंग आमी काय करावं?”

केवढा राग आला होता मला! बावीस वर्षांची नोकरी, आणि एक अंगठेबहाद्दर बाई मला शिकवतेय. हो, मनात हाच शब्द आला होता. आज लिहायला लाज वाटते, पण आला होता.

पुढच्या मंगळवारी तुम्ही वर आलाच नाहीत. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत खताच्या पिशव्या उसवून शिवलेलं ते पटकूर अंथरलंत आणि भाकरी सोडून बसलात. सुषमाला हाक मारलीत, “ये गं बाई, खाली गार हाय.” शबाना आली, कोमल आली. मी पॅड घेऊन खाली उतरलो तर तुम्ही सरकून मला जागा दिलीत. पटकूर लहान होतं. गुडघ्याला गुडघा लावूनच बसावं लागलं, आणि बसल्यावर एकमेकांच्या तोंडाकडं बघावंच लागलं.

तुम्ही एकच विचारलंत. “घरी गेल्यावर सगळ्यात जड काय जातंय?”

कुणी बोललं नाही. मला ती शांतता सहन होईना, मी तोंड उघडलं, आणि तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात. नुसता ठेवलात. मग नसीमभाई खाली मान घालून बोलले. “पानी, मावशी. दिनभर मैं टूरिस्टां कू ठंडा पानी बेचता. घर कू गया तो ये एक गिलास मांगती. मैं नै देता. अपने हाथ से नै देता मैं इसकू.”

शबानाभाभी बाजूलाच होत्या. त्यांनी नवऱ्याकडं असं पाहिलं, की मी नजर दुसरीकडं वळवली. आमच्या पेशंटना पाणी मोजून द्यायचं असतं, जास्त झालं तर ते थेट फुफ्फुसात साठतं, हे त्यांना माहीत होतंच. नवरा नाही म्हणताना आतून काय होत असेल, ते त्यांना त्या दिवशी कळलं. मग कोमल म्हणाली, विजय गार पाण्यानं चूळ भरतो आणि थुंकून टाकतो, त्यानं भागतं. सुषमा म्हणाली, लिंबाची फोड चोखायची. मागच्याच आठवड्यात ज्यांच्याकडं ‘सगळं ठीक’ होतं तीच ही माणसं!

त्या दिवशी जाताना मी विचारलं, हे कुठं शिकलात? तुम्ही सांगितलंत, लग्नानंतर वीस वर्षं मेंढरांमागं फिरलात. मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या घरांचा तळ, तुमच्या भाषेत वाडा, जिथं उतरेल तिथं उद्या कुठं जायचं ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. “जो म्होरली वाट बघून आला त्यानं आदी बोलायचं. मंग बायांनी, कारण पाणी बायांनाच आणाया लागतं. कारभारी सगळ्यात शेवटाला. त्यो आदी बोलला तर बाकीचे कशाला तोंड उघडतील?”

आणि माझ्याकडं बघून म्हणालात, “तुमी आमचे कारभारी.”

त्यातली मेख कळायला मला दोन दिवस लागले!

तुम्ही पाचोडच्या आणि आमचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर, हे कळल्यावर तुम्ही आमची मोसंबीची बाग ओळखलीत. तुमच्या मेंढ्या खतासाठी आमच्या बागेत बसायच्या म्हणे. मला त्याची काही आठवण नाही. आम्ही मुलं शहरात शिकायला, जमिनीकडं बघायला धाकटा भाऊ. तुम्ही मला ‘मालक’ म्हणायला लागलात. मी म्हटलं, मालक म्हणू नका, दिलीप म्हणा. तुम्ही अर्ध्यावर आलात. दिलीपराव.

त्या बैठकांमधून किती गोष्टी झाल्या! आमच्या भावाची पिकअप आठवड्यातून तीनदा मोसंबी नाहीतर भाजी घेऊन शहागंजात येते, हे मी बोलता बोलता सांगितलं, आणि शबानाभाभींनीच विचारलं, मग मावशी एसटीत उभ्यानं कशाला येतात? भावाला फोन केला. तुम्ही पुढच्या सीटवर बसून यायला लागलात. कोमलनं शहागंजातल्या आपल्या खोलीची एक किल्ली नसीमभाईंना दिली, कारण फर्दापूरहून ते सकाळीच पोचायचे आणि शबानाभाभी उन्हात फुटपाथवर टेकायच्या. वरच्या वैशाली सिस्टर एकदा डबा खायला खाली आल्या आणि आपल्यात बसल्या. तुम्ही त्यांनाही तेच विचारलंत. त्या म्हणाल्या, तुमच्यापैकी कुणाच्या हातातून घरी रक्त सुटलं तर काय, याची मला भीती वाटते. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना मशीनच्या सुईची ती जागा कशी दाबून धरायची ते शिकवलं. वीस-बावीस दिवसांनी फर्दापुरात शबानाभाभींचा हात खरंच वाहायला लागला. नसीमभाईंनी शिकवल्याप्रमाणे बोटानं दाबून धरलं, जीप गाठली, आणि सिल्लोडपर्यंत बोट सोडलं नाही. पुढच्या बैठकीत येताच ते तुमच्या पायाला हात लावायला वाकले आणि तुम्ही त्यांना ढकललंत.

“माझ्या नगं पाया पडू. सिस्टरच्या पड.”

आणि मी? मी शेवटी बोलायचो, म्हणजे फारसं बोलायचोच नाही. एकदा तुम्ही विचारलंत, घरचं माणूस कुठं कमी पडतंय? सुषमा माझ्या शेजारी बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “हे माझ्याशी बोलत नाहीत मावशी. सूचना देतात. गोळी घेतली का, वजन केलं का, मीठ कमी टाकलं का. तुला कसं वाटतंय, हे एवढ्या दिवसांत एकदाही विचारलं नाही.”

मी लगेच म्हणालो, “अगं, मी तुझ्यासाठीच...”

“कारभारी, तुमचा नंबर शेवटाला,” तुम्ही म्हणालात.

शेवटी माझा नंबर आला तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि पाळीची वेळ झाली म्हणालो. दिवसभर दुसऱ्यांना बोलतं करणारा माणूस! घरी जाताना रिक्षात मी सुषमाला विचारलं, “तुला कसं वाटतंय?” ती म्हणाली, “आज नको. आज तुम्ही मावशीच्या धाकानं विचारताय.” ती हसली, पण मी त्यानंतर पुन्हा विचारलं नाही, मावशी. का नाही विचारलं? उत्तराची भीती वाटली असेल.

आता त्या शनिवारचं लिहितो. इतका वेळ बाजूबाजूनंच फिरतोय.

सेंटरचा पाणी शुद्ध करणारा प्लांट बिघडला. तीन पाळ्यांना पुरेल इतकं पाणी निघेना. तिसरी पाळी बंद, दुरुस्तीला दोन महिने लागतील, असं सांगण्यात आलं. आपल्या चौघांपैकी तिघांना बाकीच्या पाळ्यांत तीन-तीन दिवस मिळणार होते. एकाला दोनच दिवस. शहरात बाकी कुठं जागा नव्हती, आम्ही सगळीकडं फोन करून पाहिले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, शबानाला दोनवर ठेवता येणार नाही, तिचं हृदय कमजोर आहे. बाकी तिघांपैकी कुणाला चालेल ते मी तपासून सांगते, पण आधी तुम्ही आपसात बोला.

वर पॅसेजमध्ये कसला गोंधळ झाला होता तो! कोमल माझ्यावर ओरडली, “तुमच्या ओळखी आहेत, तुम्ही दुसरीकडं जा ना!” मी खरोखर फोन लावत होतो, कुणाची तरी जागा कापून सुषमाला मिळेल का ते बघत होतो. तुम्ही काही न बोलता खाली गेलात आणि पटकूर अंथरलंत. एकेक करून सगळे उतरलो. विजय आणि सुषमा रक्त तपासायला वरच थांबले होते. हे मी मुद्दाम लिहितोय. सुषमा खाली नव्हती.

तुम्ही म्हणालात, “तिसरा दिवस गेला तर काय हुईल, एवढंच सांगा. खरं सांगा. इथं कोर्ट नाय.”

कोमल रडत म्हणाली, विजय अजून दुकानात उभा राहतो, दोन दिवसांवर आला तर उभा राहू शकणार नाही, काम जाईल. नसीमभाई म्हणाले, “मेरी बारी नै, पर मैं शरमिंदा हूं.” मग माझा नंबर आला.

मी म्हणालो, “मागच्या महिन्यात एका रविवारी सुषमाच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. रात्रभर आयसीयूत ठेवावं लागलं, तुम्हाला कुणाला बोललो नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झालं तर वाचणार नाही.”

मावशी, ते मागच्या महिन्यात झालेलं नव्हतं. डायलिसिस सुरू होण्याआधी, अगदी पहिल्या आजारपणात झालं होतं. त्यानंतर तिची तब्येत चौघांत सगळ्यात बरी होती. ‘पुन्हा झालं तर’ असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते. ते वाक्य मी तिथल्या तिथं रचलं.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. बराच वेळ. मग म्हणालात, “मी दोनदा येते. मला अजून लघवी हुती, सूज बी नाय. मला चालंल.”

डॉक्टरबाईंनी तुमचे रिपोर्ट पाहिले, तुम्हाला विचारलं, धाप लागते का? झोपताना त्रास? तुम्ही म्हणालात, नाय. त्या म्हणाल्या, मग थोडे दिवस चालेल, पण जरा काही वाटलं तरी लगेच यायचं.

सूज नाय! आदल्या गुरुवारी जिना चढताना तुम्ही दोनदा थांबला होतात. कठड्याला धरून. मी मागंच होतो. तुमच्या चपलेचा पट्टा पायात बसत नव्हता, म्हणून तो तुम्ही उघडाच सोडला होता. मी पाहिलं होतं, मावशी. डॉक्टरबाई विचारत होत्या तेव्हा मी तीन फुटांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही.

सुषमा खाली आली तेव्हा तिला मी सांगितलं, सेंटरच्या ऑफिसनं तीनही दिवस जमवून दिले. ती तुमच्याकडं वळून म्हणाली, “मावशी, तुमचं पण झालं ना?” तुम्ही म्हणालात, “झालं की!”

तुमचे दिवस बदलले. सोमवार आणि शुक्रवार, सकाळची पहिली पाळी. भावाची गाडी त्या दिवशी येत नव्हती. भावाला दिवस बदलायला सांगावं, असं मनात आलं होतं. मार्केटचं गणित बिघडेल म्हणून राहिलं. तुम्ही पुन्हा एसटीनं यायला लागलात. आपली गाठ पडेना. बैठकही बंद पडली, कारण सगळे वेगवेगळ्या वेळेला. एकदा फोन केला तर तुम्ही म्हणालात, “बरी हाय. सुषमाबाईला नीट ठिवा.” आवाजात धाप होती. मी म्हटलं, काळजी घ्या. हीसुद्धा सूचनाच की!

सहाव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, नसीमभाईंचा फोन आला. रात्रीपासून तुमचा श्वास अडकत होता. सुमननं, तुमच्या सुनेनं, गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथून गाडी केली. शहर यायच्या आतच सगळं संपलं होतं.

मी पाचोडला आलो होतो. गर्दीत मागं उभा राहिलो. तुमच्या माणसांनी मला पाणी दिलं, बसायला सतरंजी दिली, शहरातले साहेब आले म्हणून पुढं बोलावलं. मी पुढं गेलो नाही. तुमच्या दारात लोक माझी विचारपूस करत होते, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

डॉक्टरबाईंना मी नंतर गाठलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. तीनदा आल्या असत्या तरी झालं असतं कदाचित, अशा पेशंटचं हृदय कधी दगा देईल ते कळत नाही. त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटलं नसेल, खरंच असेल. पण त्या कदाचितवर मला झोप लागत नाही.

काल म्हणूनच ठरवून गेलो होतो. पटकुरावर शेवटी कोमल पहिली बसली, मग आम्ही. नसीमभाई म्हणाले, “दिलीपभाई, अब आप पूछो.” मी काही विचारायच्या आत जिन्यापाशी सुमन दिसली. तुमची उरलेली इंजेक्शनं बर्फाच्या डब्यात घालून ती सेंटरला द्यायला आली होती, दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतील म्हणून. कापसाच्या जिनिंगवरचा एक दिवस बुडवून आली होती. कोमलनं तिला हाताला धरून बसवलं.

मी तिच्यासमोर सगळं सांगितलं. फुफ्फुसाचं, जिन्याचं, चपलेच्या पट्ट्याचं. सांगताना पुन्हा पुन्हा ‘माझी परिस्थितीच अशी होती’ असं तोंडात येत होतं. दोनदा गिळलं, एकदा निसटलं.

सुमन पदराचं टोक पिळत म्हणाली, “आत्याला ठाव व्हतं.”

“काय?”

“तुमी खोटं बोलले ते. त्याच दिवशी घरी येऊन म्हणली. सुषमाबाईची तब्येत चांगली हाय, पर तिचा नवरा लई भ्यालाय. भ्यालेल्या माणसाला मेंढरावाणी किती वेळ वळायचं, म्हणली. कशापायी, ते मला आज कळलं.”

मावशी! तुम्हाला माहीत होतं? मग का नाही बोललात? सगळ्यांना खरं बोलायला लावलंत आणि स्वतः डॉक्टरांपुढं सूज नाय म्हणालात! मी भ्यालो होतो, कबूल आहे, पण तुम्ही मला तिथंच खोटा पाडायला हवं होतं. कोमलनं शिव्या घातल्या असत्या, सुषमानं आठवडाभर तोंड फिरवलं असतं. पण आज तुम्ही असता. माझा अपराध मोठा आहे, तरी तुमच्यावर एवढा राग धरायचा हक्क मला द्या.

सुमन मात्र पुढं बोलली, “आत्यानं सोडून दिलं. मी नाय सोडायची. मला राग हाय तुमचा.” मग बाकीच्यांकडं वळली. “तुमचा बी हाय. सगळ्यांचा. ती दोन दिवस घेती म्हणली आन तुमी घेऊ दिलं. घरी कुणाला इचारलं? मी तिचं अंग चोळत व्हते, तिची धाप मला ठाव व्हती. एक फोन नाय केला कुणी मला. तिनं मला सांगितलं, डाक्टरनीच दोन दिवस केलेत, बरी हाय म्हणून.”

नसीमभाई डोकं धरून बसले. कोमल रडत होती. मला उत्तरं सुचत होती, मावशी. सुमनचा नंबर नव्हता माझ्याकडं, घाई होती, डॉक्टरांनी तपासलं होतं. एकही बोललो नाही. ती बोलत राहिली. तुमचं आजारपण, मुलांच्या शाळा, जिनिंगच्या पाळ्या, तुम्ही गेल्यापासून तुमच्या नवऱ्यानं सोडलेलं जेवण. सुमनचं एवढं सगळं आहे, हे आपल्यातल्या कुणाला माहीत होतं? दीड वर्षं आपण बोलत होतो आणि तुम्हाला कुणी विचारलंच नाही, घरी गेल्यावर तुम्हाला काय जड जातं. तुम्ही विचारणाऱ्या, म्हणून आम्ही धरून चाललो की तुमचं ठीक आहे.

ती थांबली तेव्हा कोमल म्हणाली, “इथून पुढं कुणी काही सोडतो म्हणालं, तर त्या दिवशी ठरवायचं नाही. त्याच्या घरच्याला इथं बोलवायचं, त्याचं ऐकायचं, मग ठरवायचं.” वैशाली सिस्टर जिन्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, घरच्यांचे नंबर मी फाइलवर लिहून घेते, आणि पेशंट बरं आहे म्हणाला तरी मी घरी फोन करीन. नसीमभाईंनी सुमनला विचारलं, “बेटी, ठीक है?”

सुमन म्हणाली, “आत्या गेल्यावर काय ठीक.” मग उठता उठता, “पाचोडची दोन माणसं नवी सुरू हुणार हायेत, पुढल्या आठवड्यात. एक म्हातारा, एक बाई. तुमच्या भावाच्या गाडीत जागा ठिवा. आन त्या बाईला आदी बोलू द्या, ती लई कमी बोलती.”

मी म्हटलं, “ठेवतो. तू येशील का त्यांच्याबरोबर?”

“बघू,” ती म्हणाली. डबा घेऊन वर गेली. जाताना माझ्याकडं पाहिलं नाही. पाहावं असं मी काय केलंय?

भावाशी काल संध्याकाळीच बोललो. गाडीत जागा आहे. मार्केटचं काय ते तो बघेल म्हणाला. इतकं सोपं होतं!

एक गोष्ट राहिली. निघताना कोमलनं मला बाजूला घेऊन विचारलं, “भाऊ, ताईंना माहीत आहे का हे?” सुषमा काल बैठकीत नव्हती, वजन करायला नर्सनं तिला लवकर वर बोलावलं होतं. तिला माहीत नाही. तिला अजून वाटतं, ऑफिसनं जमवून दिलं. तुमची आठवण निघाली की ती म्हणते, “मावशींना वेळेवर मशीन मिळालं असतं तर...” आणि मी पेपर उघडतो.

आता ती आत डाळ निवडतेय. मला दोनदा विचारून झालं, सकाळपासून काय लिहिताय एवढं? मी म्हटलं, सांगतो.

मावशी, तुम्हाला शब्द देतो. हे पत्र संपलं की मी आत जाऊन तिच्यासमोर खाली बसणार आहे आणि पहिल्या ओळीपासून तिला वाचून दाखवणार आहे, एकही ओळ न गाळता. तिच्या वाट्याला आलेला दिवस कुणाचा होता, हे तिला माझ्या तोंडून कळायला हवं. ती रडेल. मला काय बोलेल, माहीत नाही. कदाचित बोलणारच नाही, उठून जाईल. काहीही झालं तरी मी खुलासा करणार नाही. ती बोलेपर्यंत तिथंच बसून राहीन, दिवस गेला तरी.

ती हाक मारतेय. जातो.

तुमचा अपराधी,
दिलीप